वाक्य दिल्याशिवाय पत्ता नाही

मुलांसमोर आंब्याचं चित्र धरून "हे काय?" असं विचारू नकोस. तो आंबा आहे हे तुला ठाऊक, मुलांना ठाऊक, खिडकीतून डोकावणाऱ्या शिपायालाही ठाऊक. ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत आहे त्या प्रश्नासाठी मूल तोंड उघडतं ते केवळ बाईंच्या धाकाने. तुला कुंभकोणमजवळच्या शाळेत फ्रेंच शिकवायची नोकरी लागली, पत्त्यांचे खेळ घेणार म्हणालीस, मला बरं वाटलं. पण आत्याचा कानमंत्र आधी ऐकून ठेव. पत्ता मुलाला हवासा वाटला पाहिजे आणि तो मिळवायला फ्रेंच वाक्य खर्च करावं लागलं पाहिजे. वाक्य दिल्याशिवाय पत्ता नाही. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच्याच पोटातलं.

कोणी ना कोणी विचारणारच की भातशेतीच्या या मुलखात फ्रेंचचं काय काम. त्याला अरसलार नदी दाखव. कुंभकोणमच्या कडेने जाणारा कावेरीचा हा फाटा पुढे कारैकालला समुद्राला मिळतो. ते कारैकाल 1739 मध्ये तंजावरच्या आपल्या भोसल्यांकडून फ्रेंचांच्या हाती गेलं आणि 1 नोव्हेंबर 1954 पर्यंत त्यांच्याकडे राहिलं. कागदोपत्री हस्तांतर पुरं व्हायला 1962 उजाडलं. आजही तिथे फ्रान्सचं नागरिकत्व असलेली तमिळ घरं आहेत. अर्थात तुझ्या वर्गातली बहुतेक मुलं इतिहासासाठी येणार नाहीत. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं की मार्क चांगले पडतात, हे तमिळनाडूत काय आणि पुण्या-मुंबईत काय, पालकांना पक्कं माहीत असतं. म्हणून खालच्या वर्गापासून तयारी. असू दे. मुलं कशासाठी आली याचा विचार करू नकोस, आल्यावर बोलती कशी होतील ते बघ.

आणि वर्गात खेळ चालतो म्हणून स्टाफरूममध्ये कुणी नाक मुरडलं, तर सरफोजीराजांचं नाव घे. जगाचा भूगोल शिकवायला त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचलं होतं, तेही गाण्यांचं. तंजावरच्या राजाला भूगोल गाण्यांतून चालत होता, तर आपल्याला व्याकरण पत्त्यांतून चालायला हरकत नाही.

आता पत्ते. बाजारातले गुळगुळीत, परदेशी चित्रांचे संच विकत घेऊ नकोस. त्यात सफरचंद असतं, स्नोमॅन असतो, फायरप्लेस असते. तुझ्या मुलांना हवीत ती चित्रं म्हणजे केळीचा घड, बैलगाडी, कॉफीचा डबरा, दारातला कोलम, मिनी बस, पाण्याची घागर. जाड कागदासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. तै आणि आवणी या महिन्यांत इकडे लग्नांचा नुसता धुरळा असतो, घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे पडतात. हळद लावलेले कोपरे कापून टाक, छापील बाजूवर पांढरा कागद चिकटव, झाला पत्ता. आपले जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, किडे लागू नयेत म्हणून. तू ते करू नकोस, पोरं पत्ते दातात धरतात. फेव्हिकॉल पुरे. चकचकीत लॅमिनेशनही नको, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि मागच्या बाकावरच्याला चित्राऐवजी नुसता उजेड दिसतो. ऐप्पसी-कार्तिगैच्या पावसात सगळे पत्ते दमट होऊन वळतात, म्हणून घट्ट झाकणाचा बिस्किटांचा डबा आणि प्रत्येक संचाला रबरबँड. पत्त्याच्या मागे संचाचा क्रमांक टाकून ठेव, म्हणजे जमिनीवर सापडलेला एकटा पत्ता कुठल्या घरचा ते कळतं.

चित्राखाली शब्द लिहायचा नाही. निदान पहिले काही आठवडे तरी नाही. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं लिहितात पण बोलत नाहीत, आणि आपली मुलं, तमिळ असोत की मराठी, लिहिलेलं सगळं म्हणायच्या सवयीची. 'प्ती' हा शब्द एकदा का डोळ्यांनी वाचला की तो 'पेतित' होतो आणि मग जन्मभर 'पेतित'च राहतो. आधी कान, मग तोंड, मग डोळे. लिहिलेल्या शब्दांचे पत्ते वेगळे कर, आणि चित्राचा शब्द दहादा तोंडातून गेल्यावरच ते बाहेर काढ. एका वेळी नवे शब्द आठ. पालकांना वही भरलेली हवी असते, त्यांच्या आग्रहाने वीस करू नकोस.

लिंगाचा विषय इथे जरा वेळ घेऊन सांगते, कारण महाराष्ट्रातून आलेले शिक्षक इथेच अडखळतात. मराठी मुलाला वस्तूलाही लिंग असतं हे नवं नाही. खुर्ची ती, ग्रंथ तो, टेबल ते. त्यामुळे 'ला शेझ' म्हणजे खुर्ची स्त्रीलिंगी, हे ऐकून त्याला काहीच वाटत नाही. तमिळ मुलाला मात्र वाटतं. त्याच्या भाषेत घर, झाड, खुर्ची, गाय, सगळं 'अदु'. लिंग फक्त माणसांना आणि देवांना. तो प्रामाणिकपणे विचारतो, "मिस, खुर्ची बाई का?" या 'का'ला उत्तर देत बसू नकोस. उत्तर नाही. पत्त्याची कड रंगव, पुल्लिंगी निळी आणि स्त्रीलिंगी लाल, आणि लाल पत्ता कायम उजव्या हातात, निळा डाव्या हातात धरायची शिस्त लाव. हात शिकतो, मग जीभ शिकते.

मराठी मुलाची अडचण वेगळी. त्याला वाटतं, मराठीतलं लिंगच तिकडे नेलं की झालं. चंद्र आपल्याकडे पुरुष, फ्रेंचमध्ये 'ला ल्यून'. आंबा आपला तो, त्यांचा 'ला मांग'. घर आपलं नपुंसक, त्यांची 'ला मेझों'. तंजावरच्या मराठी घरांतली मुलं तुझ्या वर्गात एक-दोन तरी असतील. त्यांना गटाचा प्रमुख करू नकोस, कारण ती आत्मविश्वासाने चुकतात आणि बाकीची त्यांच्या मागे जातात.

स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत एक फसगत आहे. तिथे पुल्लिंगी 'ल' आणि स्त्रीलिंगी 'ला' दोन्हींचा नुसता 'ल्' होतो. शाळा 'लेकोल', झाड 'लार्ब्र'. कोण लाल, कोण निळा, कानाला पत्ता लागत नाही. असे पत्ते मागताना मुलांना 'एक' लावून मागायला लाव. 'यून एकोल' आणि 'अन् आर्ब्र' म्हटलं की लिंग उघडं पडतं. शब्दाच्या शेवटावरून लिंग ओळखायच्या युक्त्या पुस्तकात असतात. 'स्यों'ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, 'आझ'ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी. त्या खऱ्या आहेत, पण समुद्रकिनारा 'ला प्लाझ' आणि पुस्तकाचं पान 'ला पाझ', म्हणजे लहान मुलाला पहिल्यांदा भेटणारे शब्द नेमके अपवाद. युक्त्या आठवीनंतर.

आता खेळ. तू लहानपणी सुट्टीत 'नॉट ॲट होम' खेळलीस ना? अमक्याकडे अमुक पत्ता आहे का विचारायचं, नसला तर तो "नॉट ॲट होम" म्हणतो आणि पाळी जाते. फ्रेंच घरांत अगदी याच जातीचा एक जुना खेळ आहे, सात कुटुंबांचा. सात कुटुंबं, प्रत्येकात सहा माणसं: आजोबा, आजी, वडील, आई, मुलगा, मुलगी. बेचाळीस पत्ते. कुणाचं कुटुंब पुरं झालं की तो ते खाली ठेवतो. मागताना वाक्य ठरलेलं: "दां ला फामिय मांग, झ वुद्रे ला ग्रां-मेर, सिल त प्ले." आंब्याच्या कुटुंबातली आजी मला हवी, कृपा करून. नसेल तर समोरचा ओरडतो "पियोश!", म्हणजे गड्डीतून एक उचल. चार मुलांत एक संच दे. वाक्य अर्धवट आलं तर पत्ता असूनही द्यायचा नाही, आणि हा नियम तू राखायचा नाहीस, मुलांनीच एकमेकांवर राखायचा. ती तुझ्यापेक्षा कडक असतात.

या खेळाची खरी कमाई मागणाऱ्याच्या वाक्यात नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे. कोणी आजी मागितली म्हणजे त्या कुटुंबाचे पत्ते त्याच्याकडे असणार, हे बाकी तिघांनी लक्षात ठेवलं तरच ते जिंकतात. म्हणजे दुसऱ्याचं फ्रेंच ऐकण्यात प्रत्येकाचा स्वार्थ. तू पत्ता दाखवून एकाला विचारतेस तेव्हा उरलेले एकोणचाळीस जण खिडकीबाहेर बगळे मोजत असतात. इथे कुणाला झोप येत नाही.

कुटुंबांना नावं देताना मात्र सांभाळ. डोक्यात पहिली कल्पना येते ती अशी: इथलेच धंदे घेऊ, स्वामिमलैचे मूर्तिकार, तिरुभुवनमचे विणकर, कुंभार, कोळी, वीणा करणारे. चित्रंही सुरेख निघतात. पण या गावांत धंदा म्हणजे जात, आणि पाचवीतल्या पोरालाही कुणाचा आजा काय करायचा हे ठाऊक असतं. कुंभाराच्या कुटुंबातली मुलगी मागताना वर्गात हशा पिकला की फ्रेंच गेलं वाऱ्यावर. कुटुंबांना फळांची नावं दे: आंबा, केळं, नारळ, पेरू, पपई, फणस, चिंच. नारळाच्या आजोबांना शेंडी काढ, फणसाच्या आजीला काटेरी अंबाडा. मुलं हसतील, आणि कुणाच्या घराकडे बोट जाणार नाही.

खेळाला पालकांसमोर पत्ते म्हणू नकोस हेही ओघाने आलंच. तमिळमध्ये पत्त्यांना सीट्टु म्हणतात आणि सीट्टाट्टम म्हटलं की थेट जुगार. शाळेत सीट्टु खेळवतात अशी बातमी गावात गेली तर दुसऱ्या दिवशी फाटकाशी चार वेष्ट्या उभ्या. 'चित्रं' म्हण. राजा-राणी-गुलामाचा कॅट पहिलं सत्र संपेपर्यंत डब्याबाहेर काढूच नकोस. नंतर आकड्यांसाठी तो चालतो. दोघादोघांत भिकार-सावकार लावायचा, पत्ता टाकताना आकडा फ्रेंचमध्ये म्हणायचा, जो आधी आणि बरोबर म्हणेल त्याची उतारी. मोठ्या आकड्यांना रोज फाडायच्या कॅलेंडरची पानं घे, इकडे प्रत्येक किराणा दुकानात ते टांगलेलं असतं आणि तारीख बोटभर जाड छापलेली असते. सत्तरपासून नव्व्याण्णवपर्यंत फ्रेंच आकडे बेरजा-गुणाकार करत चालतात, सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस. मुलं कुरकुरतील. मराठी मुलाने कुरकुरू नये. एकोणऐंशी म्हणताना आपण तरी कुठे सरळ चालतो.

'द्यु', 'द ला', 'दे' शिकवायला मात्र कुठल्याही छापील खेळापेक्षा सांबाराचा खेळ सरस. (सांबार संभाजीराजांमुळे सांबार झालं की नाही या वादात वर्गात पडू नकोस, तास संपतो.) फ्रेंचमध्ये न मोजता येणारं काही घ्यायचं झालं तर नुसतं 'मीठ' म्हणून भागत नाही, 'थोडंसं मीठ' अशा अर्थाचा शेपूटवजा शब्द पुढे लावावाच लागतो. पुल्लिंगीला 'द्यु', स्त्रीलिंगीला 'द ला', स्वर आला तर 'द ल्', अनेकवचनाला 'दे'. फळ्यावर हा तक्ता लिहिला की मुलं पाठ करतात आणि वापरत नाहीत. त्यापेक्षा असं कर. बाकावर पातेल्याचं चित्र ठेव. एक मूल स्वयंपाकी, त्याच्या हातात पट्टी, तीच पळी. बाकीच्यांकडे पत्ते: डाळ, चिंच, मीठ, हळद, तेल, पाणी, कोथिंबीर. पत्ता पातेल्यात टाकताना "झ मे..." म्हणजे "मी घालते" असं म्हणायचं. "झ मे दे लांतीय" म्हटलं, डाळ आत. "झ मे द्यु तामारें", चिंच आत. "झ मे द लो", पाणी आत. कोणी "झ मे सेल" म्हणालं की स्वयंपाकी पळीने तो पत्ता परत ढकलतो. काही समजावत नाही, नुसता ढकलतो. पोरगं पत्त्याकडे बघतं, शेजारणीकडे बघतं, ओठ हलवतं, आणि "द्यु सेल!" म्हणून पत्ता आपटतं. त्या एका ढकलण्यात जे होतं ते माझ्या तासभराच्या बोलण्याने होत नसे.

सांबार पुरं झालं की दुसरा डाव. स्वयंपाकी डोळे मिटतो, कोणी तरी एक पत्ता पातेल्यातून चोरतं. स्वयंपाकी झाकण उघडून तक्रार करतो: "इल न्या पा द सेल!" मीठ नाही! नकार आला की 'द्यु', 'द ला', 'दे' सगळे गळून नुसता 'द' उरतो. "पा द कोरियांद्र", "पा द लांतीय", आणि तेल असेल तर "पा द्वील". मराठीत आणि तमिळमध्ये मीठ असलं काय, नसलं काय, शब्द तोच, त्यामुळे मुलं इथे हमखास 'द्यु' तसाच ठेवतात. हा डाव चार दिवस लागोपाठ घे. आणि एक पथ्य पाळ: "हे मीठ नाही, साखर आहे" अशा धाटणीची वाक्यं त्या आठवड्यात वर्गात येऊ देऊ नकोस. तिथे नकार असूनही 'द्यु' टिकतो. दोन्ही एकदम आले की दोन्ही जातात.

उच्चारांसाठी वेगळा तास काढायचा नाही, दोनच पत्ते खिशात ठेव: मासा आणि सरबताचा पेला. मासा 'प्वासों', पेय 'ब्वासों'. तमिळ लिपीत प आणि ब ला एकच अक्षर, आणि खेड्यातल्या मुलांच्या कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच. एकाने मागायचं, दुसऱ्याने जे ऐकू आलं तेच द्यायचं. मासा मागितला आणि पेला मिळाला की मागणारा स्वतःच ओठ घट्ट करतो. बाकी उच्चारांत आपली मुलं इंग्रजांच्या मुलांपेक्षा पुढे आहेत हे त्यांना जरूर सांग. फ्रेंच त आणि द आपल्या त-द सारखेच दाताला जीभ लावून, आणि प-त-क मध्ये हवेचा फुसकारा नाही. नाकातल्या स्वरांना महाराष्ट्रातली मुलं घाबरतात. इथली मुलं रोज तेच बोलतात, फक्त त्यांना ठाऊक नसतं. 'पळम्' म्हणजे फळ, पण बाजारात केळीवाला शेवटचा म् ओठ मिटून कुठे म्हणतो? तो नाकात सोडून देतो. तिथूनच 'बों' आणि 'नों' उचल. 'त्यू'मधला स्वर तेवढा कुणालाच येत नाही. 'ई' म्हणायला सांग आणि म्हणता म्हणता ओठ शिट्टीसारखे गोल करायला सांग. वर्ग हसेल, हसू दे.

'तू' आणि 'तुम्ही'चा फरक शिकवायला कष्ट नाहीत, तमिळमधल्या 'नी' आणि 'नीङ्ग'वर तो आयता बसतो. माणसांचे पत्ते कर: पोस्टमन, बाई, मित्र, आजी, कंडक्टर. आजीच्या पत्त्यावर जरा थांब. फ्रेंच मूल आजीला 'तू'च म्हणतं, आपलं मराठी मूलही म्हणतं, पण वर्गात कुणी ना कुणी घरी आजीला 'नीङ्ग' म्हणणारं असेल आणि त्याला हे उद्धट वाटेल. त्याची समजूत काढ, टिंगल होऊ देऊ नकोस.

क्रियापदांत दोन गोष्टी सांगते. पहिली, 'पार्ल' हे रूप मी, तू, तो, ते या चौघांना कानाला एकच आहे, लिहिताना मात्र त्याची तीन रूपं होतात. म्हणून बोलायच्या खेळात त्या चौघांचा एकच पत्ता ठेव, आणि 'नू पार्लों', 'वू पार्ले' यांचे दोन वेगळे. तीन पत्त्यांत क्रियापद संपतं आणि मुलांना भीती राहत नाही. चौघांची लेखी रूपं नंतर डॉमिनोसारखी जुळवायला दे.

दुसरी गोष्ट भूतकाळाची, आणि ती मराठी मुलांना शिकवताना सोन्यासारखी आहे. फ्रेंचमध्ये गेलो, आलो, निघालो, पडलो, जन्मलो अशी काही क्रियापदं 'असणे'चं साहाय्य घेतात आणि कर्त्याच्या लिंगाप्रमाणे लिहिताना बदलतात. बाकीची 'जवळ असणे'चं साहाय्य घेतात आणि कर्त्याकडे ढुंकून बघत नाहीत. आपल्याकडे मुलगा "गेलो" म्हणतो, मुलगी "गेले" म्हणते, पण "आंबा खाल्ला" दोघंही म्हणतात. मराठी मुलाच्या हातात निम्मं व्याकरण घरूनच आलेलं असतं, त्याला फक्त तिकडे बोट दाखवायचं. बोट दाखवून थांबायचं मात्र, कारण जोडी पुरती जुळत नाही. चालणं, धावणं आपल्याकडे 'गेलो'च्या पंगतीत, फ्रेंचमध्ये 'खाल्ला'च्या. तमिळ मुलाला 'पोनेन' म्हणताना मुलगा-मुलगी असा फरकच नाही, त्याला बसस्टँडचं मोठं चित्र काढून दे. येणारी, निघणारी, चढणारी, उतरणारी, पडणारी माणसं त्यात दाखव, आणि त्या चित्रात बसणाऱ्या पत्त्यांना 'असणे' लागतं असं सांग. लिहायच्या डावात रोमन 'ई' आणि 'एस' या अक्षरांचे चिमुकले पत्ते कर. मुलगी गेली तर 'ई' जोड, अनेक गेले तर 'एस' जोड. बोलण्यात हा फरक बहुधा ऐकूच येत नाही, म्हणून तोंडी खेळात त्याचा बाऊ नको.

चुका. डाव चालू असताना मधे पडून चूक सुधारलीस तर पुढचा डाव मूक होईल. चिठ्ठीवर टिपून ठेव, शेवटची पाच मिनिटं राखून त्यातल्या तीन चुका फळ्यावर घे, कुणाची ते सांगू नकोस. जे मूल मुळीच बोलत नाही त्याला वाटणारा कर. पत्ते पिसून वाटताना प्रत्येकाला "तियें" म्हणजे "हे घे" म्हणावंच लागतं, आणि घेणाऱ्याला "मेर्सी". कोणी परीक्षा घेत नसताना ते मूल वर्गात सगळ्यांत जास्त वेळा बोललेलं असतं.

खेळ बारा-पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नकोस, रंगात असतानाच बंद कर. हरणाऱ्यांना दुसऱ्या दिवसाची ओढ लागते. जिंकणाऱ्याला मार्क, चॉकलेट, टाळ्या काही नाही. मार्कांचा विषय निघालाच तर मुख्याध्यापकांना सांग की लहान मुलांसाठी फ्रान्स सरकारची 'डेल्फ प्रिम' म्हणून परीक्षा आहे आणि तीत बोलण्याचीही परीक्षा असते. कोऱ्या वहीचा हिशेब त्यांना तिथे लागेल.

गोंगाटाची तक्रार शेजारच्या वर्गातून येणार, दुसऱ्या आठवड्यात येतेच. त्यावर एक तोडगा: पत्ता कुजबुजून मागायचा, मोठ्याने मागितला तर पाळी जाते. कुजबुजायला उच्चार जास्त स्वच्छ करावा लागतो, हा आपला फायदा, तो गणिताच्या सरांना सांगायची गरज नाही. चौघांचा गट समोरासमोर बसायला हवा, एका आड एक बाक उलटा फिरवला की चाळीस मुलांचे दहा गट होतात आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. बाक जमिनीला खिळलेले असले तर मात्र यातलं निम्मं होत नाही, पोरं मान वळवून दमतात. म्हणून शाळा चालवणाऱ्यांना, कुंभकोणमच्या असोत की कोल्हापूरच्या, माझी एकच विनंती आहे: भाषेच्या वर्गासाठी स्मार्टबोर्ड पुढच्या वर्षी घेतलात तरी चालेल, यंदा बाकांचे खिळे तेवढे काढून द्या.